कपडा अडला, वीज गेली

वाचकांचे प्रश्न : व्यापार, वीज आणि शेजार

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. बारा माग आणि घरचंच डाईंग. सांडपाण्याचे नियम आमच्यावर दरवर्षी कडक होतात, बॉयलरच्या धुरापायी नोटिसा येतात. शेजारच्या देशातून मात्र कपडा बिनजकातीचा येतो. तिकडं नदीत काय सोडलं ते कोण बघतं? पुण्यात एमबीए करणारा माझा मुलगा म्हणतो, मुक्त व्यापारामुळं शेजारी देश पर्यावरणातही एकमेकांना सांभाळून घेतात, अमेरिका-मेक्सिकोचं बघा. मला तर उलटंच दिसतं. – एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठल्या घरातून बोलतोय ते तुम्हाला कळेल. माझी सासुरवाडी पूर्व भागातली, मागवाल्यांची. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मेहुण्याच्या रंगखान्यामागची उघडी नाली बघूनच आज कुठली ऑर्डर चालू आहे ते सांगता यायचं. निळी असली की शाळेचा गणवेश, मरून असली की चादर. दिवाळीच्या तोंडावर दिवसातून तीनदा रंग बदलायचा. ते पाणी पुढं कुठं जातं, हे त्या घरात कुणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही. जावई होतो, जेवायला गेलो होतो. त्यामुळं ‘तिकडं कोण बघतं’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

आता तुमचा बिनजकातीचा कपडा. तो साफ्टाच्या दारातून येतो. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राच्या या करारावर जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला सह्या झाल्या आणि १ जानेवारी २००६ पासून तो लागू झाला. पुढं २०११ साली भारतानं बांगलादेशासह या भागातल्या अतिअविकसित देशांना दारू-तंबाखूसारख्या पंचवीस वस्तू सोडून बाकी सगळ्या मालावर जकात माफ केली. मी हा करार वाचलाय. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि आमच्याकडं दुपारी बाहेर पडायची सोय नसते. जकात कमी करायचे टप्पे, नाजूक मालाच्या याद्या, माल मुळात कुठला हे ठरवायचे नियम, सगळं त्यात आहे. रंगाचं पाणी, चिमणीचा धूर यांच्यासाठी वेगळं प्रकरण मात्र नाही. व्यापार वाढला की नालीतलं पाणीही वाढतं, पण त्या पाण्याची नोंद या कागदावर कुठं होत नाही. तुमचं दुखणं खरं आहे ते इथं.

मुलगा ज्या अमेरिका-मेक्सिकोचं नाव घेतो त्यांनी हे पाणी कागदावर घेतलं होतं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापाराचा करार, नाफ्टा, १ जानेवारी १९९४ ला लागू झाला, आणि त्याच्या जोडीला पर्यावरणाचा एक स्वतंत्र करार आला. त्यासाठी माँट्रियलला तिन्ही देशांचा मिळून एक आयोग बसवला. सीमेवरच्या गावांत सांडपाण्याचे प्रकल्प उभारायला कर्ज देणारी एक बँकसुद्धा काढली. करारातली मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे तक्रारीची. तिन्ही देशांतला कुणीही साधा माणूस किंवा संस्था ‘अमुक सरकार स्वतःचाच पर्यावरणाचा कायदा पाळून घेत नाही’ असं त्या आयोगाला लिहून कळवू शकत होती. दुसऱ्याचा कायदा नव्हे हं, स्वतःचाच.

त्यातली एक तक्रार सांगतो. मेक्सिकोतल्या तिहुआनाला, अमेरिकेच्या हद्दीला लागूनच, जुन्या बॅटऱ्यांतून शिसं काढायचा कारखाना होता. मालक अमेरिकेचे. १९९४ मध्ये मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांनी टाळं लावलं, मालक सीमेपलीकडं निघून गेले आणि शिशाच्या मळीचे ढीग तिथंच पडले. टेकडीच्या पायथ्याला वस्ती, वस्तीत पोरं. १९९८ मध्ये लोकांनी आयोगाकडं तक्रार केली. २००२ मध्ये आयोगाचा अहवाल आला. आणि आयोगाचा अधिकार तिथंच संपत होता. दंड नाही, अटक नाही, नुसतं ‘वस्तुस्थिती अशी आहे’ असं छापून काढायचं. पण ते छापून आल्यावर सरकारला तोंड लपवायला जागा उरली नाही, आणि पुढच्या काही वर्षांत सफाई झाली. चार वर्षांत एक अहवाल. आपल्याकडच्या कोर्टातल्या तारखा बघितलेल्या माणसाला हे फार हळू वाटणार नाही.

मुलाला नाफ्टाचं दुसरं पानही वाचायला सांगा. याच करारात परदेशी गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध थेट लवादात जायची मुभा होती. मेक्सिकोच्या सान लुइस पोतोसी राज्यात एका अमेरिकी कंपनीला घातक कचरा पुरायची जागा चालवायची होती. स्थानिक नगरपालिकेनं परवाना नाकारला, आणि २००० साली लवादानं मेक्सिकोला दीड कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. कॅनडानं पेट्रोलमधल्या एका मँगनीजयुक्त रसायनावर निर्बंध आणले तेव्हा उत्पादक कंपनी अशीच अंगावर आली. १९९८ मध्ये कॅनडानं निर्बंध मागं घेतले, वर १.३ कोटी अमेरिकी डॉलरही मोजले. वस्तीतल्या लोकांना अहवाल आणि कंपनीला रोख रक्कम, एकाच कराराच्या दोन खिडक्यांवर. २०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला, त्यात पर्यावरण जोडपत्रातून मुख्य करारात आलं आणि गुंतवणूकदारांची ती खिडकी बरीच अरुंद झाली. ही अक्कल यायला सव्वीस वर्षं गेली.

पण मला विचाराल तर जकात आणि नदी यांचा आपण समजतो तितका संबंधच नाही. लांब कशाला जायचं? पुणे आणि सोलापूर यांच्यात कुठली सीमा आहे? एकच राज्य, एकच कायदा, एकच प्रदूषण मंडळ. तरी मुळा-मुठेतलं पुण्याचं मैलापाणी भीमेतून उजनीत येतं, आणि उजनीचं पाणी आपण पितो. उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यावर हिरवी साय धरते, ती बघायला टेंभुर्णीच्या बाजूनं एकदा जाऊन या. पुढं भीमा कर्नाटकात जाते. सोलापूर आणि विजापूरमध्ये माल किती मुक्तपणे जातो-येतो ते तुम्हाला ठाऊक आहे, निम्मं गिऱ्हाईक तिकडचं. तरी कृष्णा खोऱ्याच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमावा लागलाच. भारत आणि बांगलादेशाचंही तसंच. गंगेच्या पाण्याचा करार डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांचा. तेव्हा साफ्टाचा जन्मही झाला नव्हता. नदीला तिचा स्वतःचा कागद लागतो.

आणि चिमणीला? फताटेवाडीचं एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपनीचं वीजकेंद्र तुम्ही अक्कलकोटला जाता-येता बघत असाल. ६६० मेगावॅटचे दोन संच, मिळून १,३२०. पाणी उजनीचं, कोळसा बाहेरचा, वीज इतर राज्यांनाही, राख मात्र इथली. त्याचं जुळं भावंड बांगलादेशात आहे, हे फार जणांना माहीत नसतं. खुलना भागातलं रामपाल, तिथंही ६६० चे दोन संच, बेरीज तीच १,३२०. ते एनटीपीसी आणि बांगलादेशाच्या वीज मंडळानं निम्म्या-निम्म्या भागीदारीत उभारलं. सुंदरबनाच्या कडेपासून ते साधारण १४ किलोमीटरवर आहे, आणि कोळशाची जहाजं जंगलातून वाहणाऱ्या पशुर नदीतून येतात. २०१६ मध्ये युनेस्कोच्या पाहणी पथकानं हा प्रकल्प इथून हलवा असं स्पष्ट लिहिलं. प्रकल्प हलला नाही. २०२२ च्या अखेरीला पहिला संच सुरू झाला.

उलट बाजू झारखंडातल्या गोड्ड्याची. तिथलं १,६०० मेगावॅटचं केंद्र परदेशी कोळसा जाळतं, आणि ते उभारलंच सगळी वीज बांगलादेशाला विकायला. धूर गोड्ड्यात, दिवा पलीकडं. रामपालात भागीदारी आमची आणि जंगल दोघांचं, कारण सुंदरबन काही फाळणीची रेघ आखणाऱ्या रॅडक्लिफ साहेबाला विचारून उगवलं नाही. दोन देश ऊर्जेत एकमेकांना धरून चाललेत, याची ही दोन्ही उत्तम उदाहरणं आहेत. पर्यावरणात धरून चाललेत का, तर तिहुआनाच्या लोकांसारखी रामपालच्या कोळ्यानं किंवा गोड्ड्याच्या शेतकऱ्यानं दोघांपैकी कुठल्याही सरकारबद्दल तक्रार टाकावी अशी पेटी या भागात अजून कुणी बसवलेली नाही. मुलाशी वाद घालायचाच असेल तर जकातीवरून घालू नका, या पेटीवरून घाला.

तुमच्या धंद्यापुरतं एक. युरोपनं १ जानेवारी २०२६ पासून सीमेवर जो कार्बनचा कर सुरू केला तो पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खत, हायड्रोजन आणि वीज यांवर आहे, टॉवेलवर नाही. कुणी सल्लागार त्या नावानं पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून घालवा. युरोपचा खरेदीदार रंगात घातक रसायन नाही याचा दाखला मागतो ती गोष्ट वेगळी, आणि ती जुनी आहे. तो दाखला घ्याच.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. नेपाळ भारतातून बांगलादेशाला वीज विकतो असं वाचलं. भारत-बांगलादेश व्यापारात एवढे खटके उडत असताना हे कसं चालतं? आणि मधल्या मधे आपली वीज कमी होत नाही का? – एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : हा माझ्या जेवणाच्या ताटातला प्रश्न, त्यामुळं जरा सैल सोडा मला. तेहतीस वर्षं उपकेंद्रात काढलीत.

आधी तारखा, तुला परीक्षेला लागतील. ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्या वीज कंपन्यांत त्रिपक्षीय करार झाला. वीज ४० मेगावॅट, दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट. १५ नोव्हेंबर २०२४ ला ती पहिल्यांदा गेली, आणि एक दिवसच गेली, कारण कराराचा हंगाम १५ जून ते १५ नोव्हेंबर. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या फुगतात तेव्हा विकायला वीज असते. हिवाळ्यात नद्या आटल्या की तोच नेपाळ आपल्याकडून विकत घेतो.

आता पुढचं वर्ष बघ. १७ मे २०२५ ला भारतानं बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या सगळ्या नाक्यांवरून बंद केले. आणायचे तर फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून. आणि बरोबर महिन्याभरात, १५ जूनला, नेपाळची वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात जायला लागली. आपल्याकडं ‘वीज गेली’ म्हणजे अंधार. इथं ती खरोखरच गेली, ठरल्या तारखेला गेली. मी सकाळी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, आपली पण अशी तारीख सांगून जात जाईल का विचारा.

कपडा अडतो आणि वीज जाते, कारण दोन्हींचे कागद वेगळे. कपड्याचा कागद वाणिज्य मंत्रालयाच्या एका अधिसूचनेनं एका रात्रीत बदलतो. विजेच्या मागं तारा टाकायला लागलेली वर्षं असतात, दोन्ही टोकांना बसवलेली यंत्रं असतात, कर्जाचे हप्ते असतात. सार्क देशांचा विजेच्या सहकार्याचा वेगळा करार आहेच, नोव्हेंबर २०१४, काठमांडू शिखर परिषद. तेव्हापासून सार्कची शिखर परिषद भरलेली नाही. कागद आहे, बैठक नाही, आणि काम चाललंय ते दोघा-तिघांच्या आपापसातल्या करारांवर.

‘मधल्या मधे’ काय होतं ते समजायला सोलापूरचीच एक रात्र सांगतो. ३१ डिसेंबर २०१३. तोवर दक्षिणेची चार-पाच राज्यं विजेच्या दृष्टीनं वेगळं बेट होती, स्वतःच्या ठेक्यावर चालणारी. त्या रात्री रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली आणि सगळा देश एका ठेक्यावर आला. सेकंदाला पन्नास आवर्तनं, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तीच. लाइन केंद्राच्या पॉवरग्रिडची, आमचा तिच्याशी संबंध नव्हता, तरी आम्ही चौघं आमच्या कंट्रोल रूममधल्या फ्रिक्वेन्सी मीटरकडं डोळे लावून बसलो. काहीतरी दिसेल, एखादा झटका, काटा हलेल. काही म्हणता काही दिसलं नाही. पन्नासच्या आसपास जसा डोलायचा तसा आकडा डोलत राहिला. शेवटी एकानं शेंगाचटणीची पुडी सोडली, तीच आमची थर्टी फर्स्ट.

काही न दिसणं हेच त्या कामाचं यश होतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात ते तू कधी पाहिले असशील. काठी धरणारा एक दिसतो, पण भोवतीच्या सगळ्यांचा पाय आणि डोळा एका लयीत असावा लागतो. एकाचा तोल गेला की तो शेंड्यावरच्या गोंड्याला कळतो. एका ठेक्यावरचं ग्रिड, म्हणजे तारांचं जाळं, तसं असतं. भूतान आपल्या या ठेक्यात आहे. नेपाळही त्यांच्या ढल्केबरहून बिहारातल्या मुझफ्फरपूरला येणाऱ्या लाइनीनं जोडलेला आहे. बांगलादेश नाही. तिथं पश्चिम बंगालातल्या बहरमपूरहून तार जाते आणि पलीकडं भेडामाऱ्याला एक मोठं केंद्र आहे. आपली एसी, म्हणजे ठेक्यावर दिशा बदलणारी वीज तिथं आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेची बिनठेक्याची होते आणि लगेच पुन्हा एसी, पण त्यांच्या ठेक्यावरची. २०१३ पासून हे चालू आहे, आधी ५०० मेगावॅट, आता १,०००. हेच तंत्र आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे. दक्षिण वेगळी होती तेव्हा तिला याच खिडकीतून वीज देत होतो. खिडकीतून डबा देता येतो, पण एकाच्या घरातली भांडणं दुसऱ्याच्या घरात येत नाहीत. ढाक्यात सरकार बदललं म्हणून सोलापूरच्या पंख्याचा वेग बदलत नाही, तो या खिडकीमुळं.

तुझ्या मूळ शंकेचं उत्तर एवढंच की नेपाळनं ४० आत घातले आणि भेडामाऱ्याला ४० बाहेर काढले, हिशेब जुळला. तारेतली गळती आणि तार वापरल्याचं भाडं हिशेबात वेगळं धरतात. नेपाळचाच इलेक्ट्रॉन ढाक्याला जातो असं मात्र समजू नकोस. बँकेत मुझफ्फरपूरला भरलेली नोट बहरमपूरला मिळत नाही, रक्कम मिळते.

भारत या मधल्या जागेचा फायदा उठवतो का? उठवतो, आणि हे उत्तरात लिही. आपल्या नियमांत अशी सोय आहे की ज्या शेजाऱ्याशी आपला वीज सहकार्याचा करार नाही त्याचं भांडवल ज्या प्रकल्पात आहे त्याची वीज आपण घेत नाही, आणि प्रत्यक्षात ठेकेदारालाही तेच लावतो. नाव लिहिलेलं नाही, पण नेपाळात चिनी ठेकेदारांनी बांधलेल्या प्रकल्पांना ते नाव नीट ऐकू येतं. नेपाळी लोक यावर चिडतात आणि त्यांच्या जागी मीही चिडलो असतो.

भूतानवर परीक्षेत हमखास येतं म्हणून दोन ओळी. त्या देशाशी आपला मुक्त व्यापार १९७२ पासूनचा. चुखा प्रकल्प ३३६ मेगावॅटचा, पैसा भारताचा, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. नंतर १,०२० मेगावॅटचा ताला. वीज आपल्याला, उत्पन्न त्यांना, आणि त्यांच्या घटनेतच लिहून ठेवलंय की ६० टक्के जमीन जंगलाखाली राहिली पाहिजे. चित्र सुंदर आहे. फक्त पुनात्सांगछू-१ चं नाव टिपून ठेव. २०१३ मध्ये धरणाच्या उजव्या तीराचा डोंगरच सरकायला लागला, काम वर्षानुवर्षं अडकलं, खर्च फुगला. पाण्याच्या विजेला धूर नसतो, पण डोंगराला विचारावं लागतं.

प्रश्न : विजेला जर ठरल्या तारखेचा करार होतो, तर कांद्याला का नाही? आमचा माल बांगलादेशात जातो. दरवेळी निम्म्यात दार बंद. – एक शेतकरी, मोहोळ

उत्तर : तुमचं खरं आहे. सप्टेंबर २०१९ ला बंदी, सप्टेंबर २०२० ला बंदी. त्या दुसऱ्या वेळी भरलेल्या गाड्या सीमेवर उभ्या राहिल्या आणि माल गाडीतच सडला. डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी, मे २०२४ पर्यंत. मग निर्यात शुल्क, ते १ एप्रिल २०२५ ला उठलं. या बंदीच्या काळातच सरकारनं स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत ५०,००० टन कांदा बांगलादेशाला द्यायचं ठरवलं होतं. म्हणजे तारीख आणि वजन ठरवून कांदा देता येतो, हे सरकारनंच दाखवलंय. तो दरवर्षी का देत नाहीत, याचं कारण तांत्रिक नाही. दिल्लीत कांदा महागला की मतं जातात, आणि मोहोळात स्वस्त झाला की फक्त तुम्ही जाता. बांगलादेशानंही यातून धडा घेऊन स्वतःचा कांदा वाढवला आणि आता त्यांच्या हंगामात तेच आपल्या कांद्याला दार लावतात.

तुमच्या संघटनेनं वार्षिक कोट्याची मागणी लावून धरावी. मागताना नेपाळच्या ४० मेगावॅटचा दाखला द्या, अधिकारी ऐकतील का सांगता येत नाही, पण चमकतील.

पत्राच्या पाकिटात आडत्याची हिशेबपट्टी चुकून आली होती. हमाली दोनदा लावलेली दिसतेय. पट्टी पोस्टानं परत धाडलीय, आधी तेवढं बघून घ्या.